बाळंतीण, दाई आणि टक्केवारी

सरकारी अहवालांत काही आकडे असे असतात की ते वाचून शासनकर्त्यांनाच नव्हे, तर त्यांच्या टीकाकारांनाही समाधान वाटावे. दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचा आकडा त्यांपैकी एक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत देशातील केवळ ३८.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले आणि महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के होते. याच सुमाराच्या काळात देशातील मातामृत्यूंचे प्रमाण दर १ लाख जिवंत जन्मांमागे २५४ (२००४-०६) वरून ९७ (२०१८-२०) पर्यंत खाली आले. महाराष्ट्रात ते ३३ होते. ही प्रगती खरी आहे. ज्या हजारो स्त्रिया त्यामुळे जगल्या, त्यांच्याकडे पाहिले तर या आकड्यांकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरीची एक खोड ठाऊक असते. सरासरी जितकी उंचावते, तितके तिच्या तळाशी राहिलेले लोक दिसेनासे होतात. महाराष्ट्रात अजून घरी बाळंत होणाऱ्या स्त्रिया राज्यभर सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांतील बऱ्याच जणी सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोलीच्या दक्षिण भागात राहतात. कार्यालयीन भाषेत त्या 'घरगुती प्रसूती' या रकान्यात मोडतात आणि हा रकाना शून्यावर आणणे हे उद्दिष्ट ठरते. रकाना शून्यावर आणणे आणि बाई वाचवणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि शंभरातील सुमारे ६९ माणसे आदिवासी होती. जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तापीचे खोरे सपाट व सुपीक आहे. उत्तरेकडचे अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके मात्र सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. तेथील भिल्ल व पावरा समाजाचे गाव म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणारी दाट वस्ती नव्हे. प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात असते. एका गावाचे अनेक पाडे, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जाताना एखादी टेकडी उतरून दुसरी चढावी लागते.

आता सरकारी निकष पाहा. डोंगराळ व आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा नियम आहे. मैदानी भागासाठी हेच आकडे ५ हजार व ३० हजार आहेत. म्हणजे सवलत दिलेली आहे. परंतु ती माणसे मोजून दिली आहे, अंतर मोजून नव्हे. सपाटीवरील तीन हजार माणसे एका गावात मावतात. अक्राणीतील तीन हजार माणसे कित्येक डोंगरांवर पसरलेली असतात. कागदावर निकष पूर्ण होतो आणि बाळंतीण उपकेंद्रापासून तितकीच दूर राहते. नर्मदाकाठी तर यात आणखी एक अडचण निर्माण झाली आहे. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि १९९३ पासून मणिबेलीसारख्या गावांत पाणी शिरू लागले. धरण १३८.६८ मीटर उंचीपर्यंत बांधले गेले आणि २०१९ साली ते प्रथमच पूर्ण भरले. जेथे पूर्वी पायवाट होती, तेथे आता खोल पाणी आहे. सरकारने या फुगवट्यावर तरंगता दवाखाना चालवला हे मान्य केले पाहिजे. तरीही २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांना गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यापर्यंत पोचण्यासाठी स्वतः होडी वल्हवावी लागली. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटरचे ते अंतर होते. त्यांचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते उचितच होते. परंतु जेथे सेवा पोचण्यासाठी शौर्याची गरज लागते, तेथे व्यवस्था नसते, हेही त्या कौतुकातून आपण वाचावयास हवे होते.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी अक्राणीतील एका पाड्यावर होतो. माझा एक जुना विद्यार्थी त्या बाजूला शिक्षक आहे, त्याच्याबरोबर गेलो होतो. शेजारच्या घरी एका सुनेला रात्रीपासून कळा सुरू झाल्या होत्या. आत तिची सासू, नणंद, शेजारची एक बाई आणि वयस्कर दाई अशा चौघीजणी होत्या. आम्ही पुरुष बाहेर पडवीत बसलो होतो. गावची आशा पहाटेच आली होती. फोनला रेंज मिळावी म्हणून ती टेकडीवर चढून गेली. गाडी निघाली, पण ती डांबरी रस्ता संपतो तेथपर्यंतच येऊ शकत होती. तेथवर पोचण्यासाठी मधला नाला ओलांडणे भाग होते आणि नाला तर दुथडी भरून वाहत होता. झोळी बांधून तयार होती. तेवढ्यात आतून बाळाचे रडणे ऐकू आले. दोघेही सुखरूप होते. पुढच्या महिन्यात मला कळले की आशेला वरिष्ठांनी जाब विचारला. तिच्या हद्दीत घरी बाळंतपण झाले, ही तिची चूक ठरली. नाल्यावर पूल नाही याबद्दल कोणाला जाब विचारला गेल्याचे माझ्या कानावर आले नाही.

त्या आठवड्यात दाईशी बोलण्याचा योग आला. ती पावरी बोलत होती आणि माझा विद्यार्थी मला समजावून सांगत होता. दवाखान्याविषयी तिची तक्रार नव्हती. अडलेल्या बाईला तिनेच अनेकदा झोळीबरोबर चालत नेऊन पोचवले होते. तिचे दुःख निराळे होते. दवाखान्याच्या दारापर्यंत तिला यावे लागते, पण दारातून आत तिला कोणी घेत नाही. आत ज्या परिचारिका असतात त्यांना पावरी येत नाही आणि आतल्या पोरीला मराठी येत नाही. रात्रभर जिचा हात धरला, ती एकटी आत आणि ही बाहेरच्या ओट्यावर.

घरी बाळंत होणाऱ्या बाईला आपण सहज अडाणी ठरवतो. तिच्या घरचा हिशेब मांडून पाहिला तर दिसते की ती अडाणी नाही, उलट काटेकोर हिशेबी आहे. दवाखान्यातील बाळंतपण मोफत आहे हे खरे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन विनामूल्य केले. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील पात्र मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. पण बाईबरोबर नवरा जातो, सासू जाते, झोळी वाहणारे चौघे जातात. त्या सर्वांची मजुरी बुडते. घरी दोन लहान मुले, शेळ्या आणि निंदणीला आलेले शेत असते. या खर्चाची नोंद या दोन योजनांत नाही. राज्याने आपला खर्च कमी करून तो बाईच्या पायांवर आणि शेजाऱ्यांच्या खांद्यांवर टाकला, की राज्याचा ताळेबंद स्वच्छ दिसतो. 'माहेरघर' ही योजना याच अडचणीवर काढलेला उपाय आहे. दिवस भरत आलेल्या बाईने आरोग्य केंद्राजवळ आधीच येऊन राहावे, ही तिच्यामागील कल्पना उत्तम आहे. परंतु माहेर म्हणजे खोली नव्हे. जेथे मागच्या दोन मुलांना घेऊन जाता येते, सोबतीला आई किंवा ओळखीची बाई असते आणि घरची चूल कशी पेटेल याची काळजी नसते, ते माहेर. एवढे दिले तरच बाई तेथे थांबेल.

आता दाईकडे वळू. माझा जन्म १९५९ साली तापीकाठच्या एका खेड्यात घरीच झाला. ज्या सुइणीने माझी नाळ कापली ती मातंग समाजातील होती. त्या काळी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हे काम त्याच समाजातील स्त्रियांकडे असे. पायलीभर ज्वारी, एक लुगडे आणि नारळ एवढ्यावर तिची बोळवण होई. जिच्या हातांनी घरातला मुलगा जगात आला, तिला बाराव्या दिवशी त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर बसावे लागे. सुइणीपुढे पोट लपत नाही असे आपण म्हणतो, पण सुइणीपासून आपली जात आपण कधी लपवली नाही. बाळंतपणाचे श्रम विटाळाचे मानले गेले म्हणून ते खालच्या मानलेल्या जातीकडे गेले, आणि त्या जातीकडे गेले म्हणून त्यांना मोल राहिले नाही. सातपुड्यातील आदिवासी पाड्यावर हे दृश्य दिसत नाही. तेथे दाई ही नात्यातली किंवा शेजारची असते आणि तिच्या हाताला विटाळ चिकटत नाही. या बाबतीत आपण सपाटीवरच्या लोकांनी डोंगरातल्यांकडून शिकावे अशी स्थिती आहे.

शासनाचे दाईविषयीचे धोरण मात्र धरसोडीचे राहिले. १९४६ च्या भोर समितीने प्रशिक्षित सुइणी पुरेशा तयार होईपर्यंत गावच्या दाईला शिकवून घ्यावे असे सुचवले होते. १९७७ साली जनता सरकारच्या काळात, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, ग्रामीण आरोग्य योजनेत गावोगावच्या दाईंच्या प्रशिक्षणाला स्थान मिळाले. तीस दिवसांचे शिक्षण, तीनशे रुपये विद्यावेतन, साहित्याची पेटी आणि प्रमाणपत्र असे त्याचे स्वरूप होते. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळेचे टोक स्वच्छ, हे पाच नियम याच वाटेने खेड्यांत पोचले. पूर्वी नाळ विळ्याने किंवा बाणाच्या पात्याने कापली जाई आणि धनुर्वाताने बाळे दगावत. गरोदर स्त्रियांना दिलेली लस, दवाखान्यातील वाढती बाळंतपणे आणि स्वच्छ पाते यांच्या जोरावर भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वातावर मात केल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्या यशात कितीतरी निरक्षर दाईंचा वाटा होता. त्यांचा सत्कार झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

नव्वदीच्या दशकात जागतिक मत पालटले. दाईंना शिकवूनही मातामृत्यू अपेक्षेइतके घटत नाहीत, असा निष्कर्ष निघाला आणि भर कुशल परिचारिका व दवाखाना यांवर गेला. २००५ पासून आपल्याकडील पैसाही त्याच दिशेने वळला. आशेला बाई दवाखान्यात नेल्याचा मोबदला मिळू लागला आणि दाईला काहीच मिळेनासे झाले. या निष्कर्षात तथ्य होते हे मी मोकळेपणाने मान्य करतो. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर दाईच्या अनुभवाने ते थांबत नाही. झटके आले तर मायेचा हात पुरत नाही. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेलचा आजार आहे आणि रक्तक्षयाचे प्रमाणही मोठे आहे. ज्या शरीरात मुळातच रक्त कमी, त्याला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. रक्त व शस्त्रक्रिया यांची खात्रीची सोय हवी असेल तर धडगावहून घाटरस्त्याने नंदुरबार गाठावे लागते. म्हणून घरच्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसत नाही.

तसे गोडवे शहरातील सुखवस्तू वर्गात अलीकडे ऐकू येतात. देशातील खाजगी दवाखान्यांत २०१९-२१ च्या पाहणीनुसार ४७.४ टक्के बाळंतपणे पोट कापून झाली. या बाजाराला कंटाळून कोणी नैसर्गिक बाळंतपणाचा आग्रह धरीत असेल तर ते समजण्यासारखे आहे. परंतु ते इंग्लंडचे उदाहरण देतात, तेव्हा ते पूर्ण द्यावे. तेथे धोका नसलेल्या ६४ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या व नंतरच्या खेपेच्या स्त्रियांच्या बाळांना घरी अधिक धोका आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाळांना मात्र तो हजारी ५.३ वरून ९.३ पर्यंत वाढलेला आढळला. शिवाय घरी बाळंत होण्याचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांना मध्येच किंवा बाळंतपण होताच दवाखान्यात हलवावे लागले. तेथील घर सुरक्षित ठरते, कारण शिकलेली सुईण उशाशी असते आणि गाडी दाराशी येते. अक्राणीतील घर असुरक्षित आहे ते घर आहे म्हणून नव्हे, तर त्या घरापासून पुढे काहीच नाही म्हणून.

घर किंवा दवाखाना एवढाच प्रश्न नाही, हे आपल्याच देशातील कामांनी दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत निवडलेल्या आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या काळी तेथील बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि दाईही या कामात सामील होत्या. नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत आशांमार्फत देशभर नेण्यात आली. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात परिचारिकांनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. झारखंड-ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजूट' संस्थेने स्त्रियांच्या गटांना दरमहा एकत्र बसवून गरोदरपणातील अडचणींवर विचार करावयास लावले. तेथे दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ४५ टक्के घट झाली. या तिन्ही ठिकाणी शास्त्र बाईच्या वस्तीपर्यंत गेले आणि वस्तीतील स्त्रियांना त्यात भागीदार केले गेले.

दाईचे खरे काम कोणते हेही आता विज्ञान सांगू लागले आहे. कळांच्या काळात बाईजवळ सतत एक माणूस असले, तर बाळंतपण लवकर होते आणि शस्त्रक्रिया कमी कराव्या लागतात, असे २६ प्रयोगांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अनुभवावरून २०१७ साली दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोबतीची आणि बाईने हवी ती बैठक घेण्याची शिफारस केली. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीणीला मुभा दिली आहे. म्हणजे पाड्यावरच्या चौघीजणी जे करीत आल्या, ते योग्यच होते. नियम झाला आहे, पण दाई अजून ओट्यावरच आहे.

आणखी एका बाईचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. पावसाळा संपला की नंदुरबारची हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. त्यांत सहाव्या-सातव्या महिन्यातल्या स्त्रियाही असतात. फडावरच्या प्लास्टिकच्या पालात तिचे दिवस भरतात. तिची नोंद असलेली आशा मागे गावी राहिली, दाईही मागे राहिली, आणि तेथला दवाखाना तिला ओळखत नाही. तिचे बाळंतपण धड घरीही होत नाही आणि दवाखान्यातही नाही. ज्या साखरेने आपण बारशाचे तोंड गोड करतो, तिच्या किमतीत या बाळंतपणाचा खर्च कोठेही धरलेला नसतो.

मग आपण मागावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक दाईची नोंद व्हावी, बाईबरोबर ती आली तर तिला प्रसूतिगृहात प्रवेश मिळावा आणि त्या दिवसांची रीतसर मजुरी मिळावी. मानधन हा शब्द अंगणवाडी सेविकेच्या बाबतीत आपण पुरेसा भोगला आहे. दुसरी गोष्ट, जे पाडे पावसाळ्यात तुटतात तेथे आशेजवळ स्वच्छ साहित्य व गोळ्या आधीच पोचाव्यात. दुर्गम भागात घरी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांसाठी मिसोप्रोस्टॉल आगाऊ देण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१३ सालीच दिल्या आहेत. तिसरी गोष्ट, उपकेंद्र माणसे मोजून नव्हे, चालण्याचे तास मोजून द्यावे, आणि त्यात पावरी व भिली बोलणाऱ्या स्थानिक मुलींना सुईणशास्त्राचे पूर्ण शिक्षण देऊन नेमावे. केंद्राने २०१८ मध्ये परिचारिकांसाठी दीड वर्षाच्या अशा शिक्षणाचे धोरण आखले आहे. सातपुड्यातल्या मुली त्यात किती आहेत, हे आपण विचारले पाहिजे.

सर्व काही शासनाकडे मागून थांबणेही बरे नव्हे. पेसा कायद्याखालील ग्रामसभांना २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी मिळतो आणि तो आरोग्यासाठी वापरता येतो. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत कोणत्या पाड्यावर कोणत्या बाईचे दिवस कधी भरतात, तिच्याबरोबर कोण जाणार, मागची मुले कोण सांभाळणार, होडी किंवा जीप कोणाची, याची यादी वाचली जावी. माता दगावली तर तिच्या मृत्यूची चौकशी बंद खोलीत न राहता कारणांसह ग्रामसभेपुढे यावी. शहादा परिसरात १९७० च्या दशकात आदिवासी स्त्रियांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या, तेव्हा त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. नाल्यावर पूल का नाही, हा प्रश्न त्या अधिक जोराने विचारतील. आपल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याबरोबर उभे राहावयाचे आहे.

बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. त्या जन्माच्या वेळी तिच्याजवळ कोण होते, हा रकाना सरकारी तक्त्यात नाही. ती कोठे बाळंत झाली, एवढेच आपण मोजतो. त्या पावसाळ्यात जन्मलेले ते मूल आता शाळेत जाऊ लागले असेल. माझा विद्यार्थी सांगतो, नाल्यावर पूल अजून झालेला नाही.